ॲप्रन पांढरा कधी झाला?

फिलाडेल्फियाच्या दोन शल्यचिकित्सकांची दोन चित्रं आहेत, चित्रकार एकच: थॉमस ईकिन्स. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस विद्यार्थ्यांसमोर मांडीची शस्त्रक्रिया करताहेत. अंगात काळा लांब कोट, हात रक्ताने माखलेला. १८८९ च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू आणि त्यांचे सहायक पांढऱ्या कपड्यांत. मधल्या चौदा वर्षांतच, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी याच शहरातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांचा १८८५ चा गाजलेला फोटो साडीतला आहे.

काळा कोट हा गंभीर प्रसंगाचा पोशाख होता, आणि तेव्हा डॉक्टरला बोलावणं हा गंभीरच प्रसंग असे. १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. जंतूंची कल्पना रुजत गेली तसा मळ लपवणारा काळा रंग नकोसा झाला. पण एवढंच कारण नव्हतं. अमेरिकेत रामबाण औषधं विकणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट होता आणि डॉक्टरी व्यवसायाची पत बेताचीच होती. प्रयोगशाळेला मात्र मान होता. डॉक्टरांनी तिथला कोट उचलला, आणि त्याबरोबर तिथली विश्वासार्हताही. म्हणजे आपल्याकडचे मेडिकलचे विद्यार्थी ज्याला ॲप्रन म्हणतात आणि पहिल्या वर्षी मोठ्या ऐटीत कँटीनपर्यंत मिरवतात, तो मुळात उसना आहे.

पांढऱ्याचा आग्रह मात्र आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रुग्णाकडे जाणारा वैद्य कसा असावा ते सांगितलंय: नखं-केस कापलेले, स्वच्छ, शुभ्र वस्त्रं नेसलेला, हाती छत्री आणि काठी, पायांत वहाणा, आणि वेश ‘अनुद्धत’, म्हणजे भपका नसलेला. या शेवटच्या शब्दाला तोड नाही. पेशंटला दिपवू नये, हे त्यात आलं.

पेशंटला खरंच काय आवडतं, हे मोजायला बराच उशीर झाला. २००५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका अभ्यासात ४०० जणांना डॉक्टरांचे वेगवेगळ्या पोशाखांतले फोटो दाखवले. ७६ टक्क्यांनी नीटनेटके कपडे आणि वर पांढरा कोट असलेला डॉक्टर निवडला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १० रुग्णालयांतल्या ४,०६२ पेशंटना विचारलं, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी डॉक्टरचा पोशाख महत्त्वाचा वाटतो असं सांगितलं. कौल पुन्हा कोटालाच; मात्र सर्जन आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरांच्या बाबतीत पसंती स्क्रब्जला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये घालतात त्या साध्या, सैल कपड्यांना.

इंग्लंडने तोवर उलट वाट धरली होती. कोटाच्या लांब बाह्यांतून जंतू एका खाटेवरून दुसरीकडे जातील या धास्तीने २००७ मध्ये ‘कोपराखाली काही नको’ असा नियम आला. बाह्या, घड्याळ गेलं; टायवरही गदा आली. हा निर्णय घेताना पेशंटची आवड विचारात होती असं दिसत नाही.

ॲप्रनच्या नावावर एक बदनामीही आहे. १९८३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रुग्णांचा रक्तदाब सलग नोंदवला. डॉक्टर खाटेशी येताच वरचा आकडा सरासरी २७ ने चढला. डॉक्टर आल्यामुळे चढणाऱ्या या बीपीला जगभर ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. वाढ डॉक्टरच्या येण्याने, नाव मात्र कोटाचं. म्हणूनच बरेच डॉक्टर आता घरी मोजलेल्या बीपीची वही घेऊन यायला सांगतात.