या ओळी पिवळ्या का आहेत?

समजा, एका तळ्याच्या पाण्याचं तापमान पाच वर्षं मोजत आलेल्या संशोधिकेसमोर तुम्ही तिच्या डेटाबद्दल मुलाखत घ्यायला बसला आहात. तिने लॅपटॉपवर एक्सेलची फाइल उघडली आहे. हजारो ओळी, नीटनेटके रकाने. मधेच चाळीसेक ओळी पिवळ्या रंगवलेल्या. या पिवळ्या का, असं विचारल्यावर ती सहज सांगते, ‘तेव्हा तळं आटलं होतं ना, सेन्सर उघडा पडला होता. ते आकडे हवेचे आहेत, धरायचे नाहीत.’

ही गोष्ट फाइलमध्ये कुठेही लिहिलेली नाही. छापून आलेल्या शोधनिबंधातही नाही. उद्या ही फाइल दुसऱ्या कोणाला पाठवायची म्हणून तिने ती सीएसव्ही स्वरूपात साठवली, तर पिवळा रंगही जाईल, कारण सीएसव्हीमध्ये नुसता मजकूर आणि आकडे राहतात. मग हवेचं तापमान पाण्याचं म्हणून सरासरीत जाऊन बसेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

संशोधकांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांचा डेटा कसा तयार होतो, कुठे राहतो, कोणाच्या हाती जातो ते लिहून काढायचं, हा खटाटोप मुख्यतः अशा पिवळ्या ओळींसाठी असतो. हे काम बरेचदा विद्यापीठांतले ग्रंथपाल करतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण दुसऱ्याने जमवलेलं ज्ञान तिसऱ्याला सापडेल असं ठेवणं हा त्यांचा जुनाच धंदा आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आणि अर्बाना-शॅम्पेन इथल्या इलिनॉय विद्यापीठाने २००७ साली या कामाला पद्धतशीर रूप द्यायला घेतलं. वेगवेगळ्या विषयांतल्या संशोधकांशी बोलून त्यांनी ‘डेटा क्युरेशन प्रोफाइल’ नावाचा, म्हणजे डेटा जपून ठेवण्यासाठी त्याची ओळख लिहून काढायचा, एक साचा बसवला. कोण, कुठला डेटा, कोणाला आणि कधी द्यायला तयार आहे, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यातला ‘कधी’ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण ‘तुमचा डेटा’ अशी एकच एक वस्तू नसते. सेन्सरमधून निघालेले कच्चे आकडे ही एक अवस्था. चुका काढून साफ केलेले आकडे ही दुसरी. त्यांवरून काढलेल्या सरासऱ्या, आलेख आणि शेवटी निबंधात छापलेलं कोष्टक या पुढच्या. मुलाखतीत प्रत्येक अवस्थेबद्दल वेगळं विचारलं जातं: फाइली किती, केवढ्या, कुठल्या स्वरूपात, आणि या टप्प्यावर हे कोणाला दाखवाल? कोणालाच नाही, फक्त सहकाऱ्यांना, आपल्या विषयातल्या लोकांना, की कोणालाही? ‘तुम्ही डेटा देता का?’ असं थेट विचारलं तर माणूस हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. अवस्थांचा तक्ता पुढे ठेवला की तोच माणूस म्हणतो, साफ केलेले आकडे खुशाल न्या, पण कच्चे नकोत, त्यात फार घाण आहे.

छापील प्रश्नावलीने हे भागत नाही, याचं कारण हेच. प्रश्नावलीत कोणी ‘आमचा डेटा सुरक्षित आहे’ यावर खूण करेल, आणि ती खूण खोटीही नसेल. पण ‘जरा उघडून दाखवता का?’ म्हटलं की खरी हकीकत बाहेर येते. मुख्य प्रत एका विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कवर आहे आणि तो विद्यार्थी पदवी घेऊन कधीच गेला. जाणते मुलाखतकार म्हणूनच विभागप्रमुखांशी बोलून थांबत नाहीत, रोज आकडे भरणाऱ्या पोरांनाही गाठतात. ‘मेटाडेटा’ (डेटाविषयीची माहिती) सारखे शब्दही ते तोंडातून काढत नाहीत. त्याऐवजी विचारतात, ‘तुम्ही वर्षभर रजेवर गेलात, तर ही फाइल वापरणारा पहिल्यांदा कुठे अडेल?’

तो अडतोच, आणि बरेचदा फाइल हाती येण्याआधीच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या १४१ निबंधांच्या लेखकांकडे त्यांचा डेटा मागितला गेला. मागितल्यास पडताळणीसाठी डेटा देऊ, असं त्यांनी निबंध छापताना कबूल केलं होतं. तरी ७३ टक्के लेखकांकडून काही मिळालं नाही. २०१४ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात प्राणी आणि वनस्पतींच्या मोजमापांवरचे, २ ते २२ वर्षं जुने ५१६ निबंध निवडून त्यांचा डेटा शोधला होता. निबंध जितका जुना, तितका डेटा शिल्लक असण्याचा संभव कमी. गणिती भाषेत ऑड्स, म्हणजे डेटा असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर, दर वर्षी १७ टक्क्यांनी घटत होते. तो कोणी मुद्दाम दडवला होता असं नव्हे. काही हरवला होता, काही आता वाचता न येणाऱ्या जुन्या साधनांवर पडून होता.

डेटा देताना आखडता हात का घेतला जातो, हेही मुलाखतीतच नीट कळतं. दुसरा आपल्याआधी निबंध छापेल ही धास्ती असते. रुग्णांची किंवा गावांची ओळख उघड होण्याची रास्त चिंता असते. पण पुष्कळदा कारण साधं, लाजेचं असतं. आपल्या फाइलींचा पसारा परक्याने पाहू नये असं वाटतं, पाहुणे यायच्या आधी खोलीचं दार ओढून घ्यावं तसं. हे कोणी फॉर्मवर लिहिणार नाही.

पसारा सगळा संशोधकाचाच असतो असंही नाही. एक्सेलने सेप्ट२ नावाच्या जनुकाची परस्पर २ सप्टेंबर करून टाकल्याचा किस्सा जीवशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. २०१६ सालच्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली; सेप्ट२चं सेप्टिन२ झालं. तेव्हा तरी सॉफ्टवेअर वाकलं नाही, विज्ञान वाकलं!

अमेरिकेत संशोधनाला सरकारी पैसे पुरवणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत डेटाच्या व्यवस्थापनाचा आराखडा मागायला सुरुवात केली. कमाल दोन पानं. चांगली गोष्ट आहे, पण हा आराखडा काम सुरू होण्याआधी लिहायचा असतो. त्यात सगळ्या फाइलींना शहाणी नावं असतात आणि सेन्सर कधी उघडा पडत नाही. मुलाखत होते ती काम चालू असताना किंवा संपल्यावर, म्हणून मला तिच्यावर जास्त भरवसा आहे. अर्थात ती महागही पडते. एकेका संशोधकाशी निवांत बसायचं, मग ऐकलेलं लिहून काढायचं, परत दाखवून दुरुस्त करायचं; आणि एवढं करून हाती येतं ते एकाच डेटासंचाचं चित्र. दोन वर्षांनी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की तेही शिळं.

तळ्याकडे परत जाऊ. मुलाखत संपता संपता संशोधिका फाइलमध्ये एक नवा रकाना घालते, ‘शंका’ असं नाव देते आणि पिवळ्या ओळींपुढे लिहायला लागते: सेन्सर पाण्याबाहेर. हे शब्द सीएसव्हीतही टिकतील. ती खाली सरकत जाते आणि तिसऱ्या वर्षापाशी थांबते. तिथे सहा ओळी हिरव्या आहेत. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत बसते, मग मान हलवते आणि रकान्यात टाइप करते: हिरवा रंग, कारण आठवत नाही.