ईश्वरसाक्ष शपथ की प्रतिज्ञा : साक्षीदाराच्या सत्यामागची पार्श्वभूमी

साक्षीदाराने खरे का बोलावे, या प्रश्नाला आपल्या न्यायव्यवस्थेने आजवर दोन उत्तरे दिली आहेत. खोटे बोलल्यास देव पाहून घेईल हे एक, आणि खोटे बोलल्यास तुरुंगात जावे लागेल हे दुसरे. पहिल्याचा आधार श्रद्धा आहे, तर दुसऱ्याचा सरळसरळ स्वतःचे हित. गेल्या पावणेदोनशे वर्षांत कायदा पहिल्याकडून दुसऱ्याकडे कसा सरकत गेला आणि त्या ओघात ‘प्रतिज्ञा’ या शब्दाचे काय झाले, याचा हा मागोवा आहे.

मराठेशाहीत देवाला साक्ष ठेवणे हा निवाड्याचाच भाग होता. बेलभंडारा उचलून शपथ घेतली जाई. वाद मिटलाच नाही, तर रवादिव्य होई, म्हणजे कढत तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावा लागे. मग त्या हाताला पिशवी बांधून मोहोर करीत आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष ती सोडून हाताला फोड आले आहेत का, हे पाहत. येथे देव निव्वळ साक्षीला नसे, निकालही त्याचाच मानला जाई.

खरा गुंता १८४० च्या कायद्यापासून सुरू होतो. तोपर्यंत कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यावी लागे. ही सक्ती अनेकांच्या सद्‌सद्विवेकाला आणि भावनांना दुखावणारी असून तिच्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, असे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच नमूद आहे. म्हणून शपथेच्या जागी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आली आणि तीही ‘सर्वशक्तिमान ईश्वराच्या समक्ष’ करायची होती. प्रतिज्ञा हा नास्तिकांसाठी काढलेला पळवाटीचा मार्ग आहे, असा आज सर्रास समज असल्यामुळे ही गोष्ट ठळकपणे सांगणे मला अगत्याचे वाटते. प्रतिज्ञेची सोय मुळात श्रद्धावानांसाठी झाली. गंगाजल किंवा कुराण यांसारख्या पवित्र गोष्टी कोर्टकचेरीच्या व्यवहारात ओढू नयेत, अशी ज्यांची धारणा होती, त्यांना तिचा आधार मिळाला. इंग्लंडमध्येही सतराव्या शतकाच्या अखेरीस ही सवलत प्रथम मिळाली ती शपथ घेणेच धर्मबाह्य मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाला; नास्तिकांना ती त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी मिळाली.

आपल्या भाषेने या गोंधळात भरच घातली आहे. एकाच कागदाला कोणी शपथपत्र म्हणते, तर कोणी प्रतिज्ञापत्र. आणि आत मजकूर असतो ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’. वास्तविक शपथ घेणारा स्वतःबाहेरच्या एखाद्या शक्तीला जामीन ठेवतो, तर प्रतिज्ञा करणारा स्वतःच्या शब्दालाच जामीन राहतो. भीष्मप्रतिज्ञा म्हणताना मराठी माणसाला हा अर्थ नेमका कळतो. कचेरीत मात्र तो हरवतो. त्यामुळे प्रतिज्ञा म्हणजे देवावाचूनची शपथ, अशी तिची उणी ओळख उरली, आणि श्रद्धा व स्वार्थ यांच्यापलीकडे नीतीचा तिसरा आधार असू शकतो, हे कायद्याने नकळत मान्य केले होते, याकडे दुर्लक्ष झाले.

१८७३ च्या शपथ कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी प्रतिज्ञाच कायम ठेवली. सिनेमातला गीतेवरचा हात त्या कायद्यात नाही आणि आजच्याही नाही. त्याच कायद्यात एक जुना धागा मात्र राहिला होता. प्रतिपक्षाने अमुक पद्धतीने शपथ वाहिली तर त्याचे म्हणणे मला मान्य, असे एका पक्षकाराने सांगितले आणि प्रतिपक्षाने तशी शपथ घेतली, की ते म्हणणे अशी तयारी दाखवणाऱ्या पक्षकाराविरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. १९६९ च्या कायद्याने ही तरतूद वगळली आणि ईश्वराच्या नावे शपथ की प्रतिज्ञा, ही निवड प्रत्येक साक्षीदाराकडे सोपवली. बारा वर्षांखालील ज्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नाही, पण खरे बोलण्याचे कर्तव्य कळते, त्याची साक्ष शपथेविना घेता येते. कर्तव्याची जाण देवाच्या धाकाविना असू शकते, हे येथे स्पष्टच लिहिलेले आहे.

दरम्यान संविधान घडत असताना हाच वाद वेगळ्या रूपात उभा राहिला. राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराचा उल्लेख करण्याची दुरुस्ती डिसेंबर १९४८ मध्ये स्वीकारली गेली, प्रतिज्ञेचा पर्यायही राहिला. पुढे ऑक्टोबर १९४९ मध्ये उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, ही सूचना मात्र मतदानात ४१ विरुद्ध ६८ अशी फेटाळली गेली. व्यक्तीला देवाचे नाव घेण्याची मुभा राहिली. सर्वांच्या वतीने ते घेणे संविधान सभेने नाकारले.

अलीकडे महाराष्ट्रात अनेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राची अट जाऊन स्वयंघोषणापत्र आले. त्यात देव नाही, प्रतिज्ञाही नाही. माहिती खोटी आढळल्यास ‘मी शिक्षेस पात्र राहीन याची मला पूर्ण जाणीव आहे’ एवढेच आहे. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. न्यायालयीन कामकाजातील खोट्या साक्षीचे कलम १९३ चे २२९ झाले; सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद कायम आहे आणि ती शपथ घेणाऱ्याला व प्रतिज्ञा करणाऱ्याला सारखीच लागू होते.