चालत्या वाळूवरचं पाईनबन

फ्रान्सच्या नैऋत्येला, बॉर्दो शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर, त्र्यूक व्हेर नावाची पुळण आहे. एका बाजूला आर्काशोंची उथळ खाडी, दुसऱ्या बाजूला अटलांटिक आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पाईनचं दाट बन. सायकल किंवा गाडी बनातच ठेवायची, झाडांखालून चालत जायचं, वीसेक मीटर उंचीची वाळूची टेकडी चढायची, की समोर महासागर उघडतो. जिरोंद खाडीच्या मुखापासून आदूर नदीच्या मुखापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत गेलेल्या सुमारे २३० किलोमीटर वाळूच्या किनाऱ्याचा हा एक तुकडा. गावं लांब लांब आहेत. सुट्टीचे दिवस सोडले तर तासभर चाललं तरी चार माणसं भेटत नाहीत.

येणारे बहुतेक जण बन ओलांडून थेट पाणी गाठतात. माझं सांगणं असं, की आधी अर्धा तास झाडांखाली काढावा. या किनाऱ्याची सगळी गोष्ट त्या सावलीत आहे.

कोकणात वाढलेल्या माणसाला हे बन पाहून सुरूची आठवण होणारच. पण सुरू हा पाईन नव्हे. सुरूची जी हिरवी 'सुई' दिसते ती खरं तर कोवळी काडी असते. ओढली की पेराशी तुटते, आणि त्या पेरावर बारीक दातांसारखी दिसतात ती त्याची पानं. सुरू हा फुलणारा वृक्ष आहे. इथला सागरी पाईन मात्र अस्सल सूचिपर्णी. जमिनीवरची एक सुई उचलून पाहा. ती एकटी येत नाही, जोडीने येते. बुडाशी एका तपकिरी म्यानात दोघी घट्ट बसलेल्या असतात. लांबी वीतभर, कधी त्याहून जास्त. जाडी सुमारे २ मिलिमीटर. प्रत्येक सुईची एक बाजू सपाट, एक गोलसर. दोन्ही सपाट बाजू एकमेकींना टेकवल्या की पूर्ण गोल काडी तयार होते.

ही जाडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण बनाचा आवाज तिच्यावर ठरतो. वारा बारीक काडीला वळसा घालून जातो तेव्हा मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे इवले भोवरे सुटत राहतात आणि हवेत कंप उठतो. दर सेकंदाला किती भोवरे सुटतील याचा हिशेब सोपा आहे: वाऱ्याचा वेग भागिले काडीची जाडी, आणि त्याचा पाचवा हिस्सा. सेकंदाला ५ मीटर वेगाची झुळूक आणि २ मिलिमीटरची सुई धरली तर उत्तर येतं ५००. म्हणजे स्वर मध्यम, घुमणारा. सुरूची काडी जेमतेम पाऊण मिलिमीटरची. त्याच वाऱ्यात तिचा आकडा १३०० च्या पुढे जातो. सुरूच्या बनातली सळसळ अधिक तीव्र, शीळ घातल्यासारखी वाटते ती यामुळे. जोर वाढला की स्वर चढतो, ओसरला की उतरतो, आणि लाखो सुयांचे थोडे वेगळे स्वर मिसळून तो सलग उसासा तयार होतो.

या आवाजामागे समुद्राची गाज मात्र फारच मंद ऐकू येते, आणि तेही पाणी दोन-तीनशे पावलांवर असताना. मध्ये वाळूची टेकडी आहे. बारीक लांबीच्या ध्वनिलहरी तिच्यावरून फारशा वळू शकत नाहीत, लांब लहरी वळतात. त्यामुळे फुटणाऱ्या लाटेचा फेसाळ खळखळाट टेकडीपलीकडेच राहतो, इकडे पोचते ती नुसती घुमघुम. उरलंसुरलं काम पायाखालचा सुयांचा सच्छिद्र थर करतो.

ही शांतता इथे पूर्वापार नव्हती. अडीचशे वर्षांपूर्वी इथे उघडी वाळू होती आणि ती चालत होती.

ही वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, पिरेनीज आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांची झीज. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून वाऱ्याने तिचे थर जमिनीवर आणून टाकले. पुढे समुद्र वर आला, लाटा वाळू किनाऱ्यावर लोटत राहिल्या आणि पश्चिमेचा वारा ती आत ढकलत राहिला. कोरडा कण वाऱ्यात उडी मारतो, पडताना दुसऱ्या कणांना उडवतो, ते आणखी कणांना. वाळवंटातल्या वाळूचा अभ्यास करणारे इंग्रज अभियंते राल्फ बॅगनॉल्ड यांनी विसाव्या शतकात दाखवून दिलं, की वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या जोराच्या घनाच्या पटीत वाढते. जोर दुप्पट झाला की वाळू आठपट. म्हणून वर्षभराच्या मंद वाऱ्यापेक्षा हिवाळ्यातली दोन-चार वादळं जास्त वाळू हलवतात.

उत्तरेकडच्या सुलाक गावातलं मध्ययुगीन चर्च या वाळूने अठराव्या शतकापर्यंत जवळजवळ पूर्ण गिळलं. एकोणिसाव्या शतकात ते उकरून काढावं लागलं. आज ते जागतिक वारसा यादीत आहे. आणि वाळू मोकळी असली की काय करते हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर आर्काशोंच्या खाडीपलीकडे पिलाची टेकडी आहे: उंची १०० मीटरांच्या वर, युरोपातली सर्वांत उंच. ती अजूनही दरवर्षी काही मीटर पूर्वेला सरकते आणि वाटेतले पाईन उभ्या उभ्या गाडते.

बाकीच्या किनाऱ्यावरची वाळू थांबली ती माणसांमुळे. पाईन लावून वाळू धरता येते हे इथल्या काही जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. १७८० च्या दशकात निकोला ब्रेमाँतिए या सरकारी अभियंत्याने ला तेस्त गावाजवळ मोठ्या प्रमाणावर लागवड करून दाखवली. पद्धत साधी होती. पाईनचं बी झुडपी शेंगवर्गीय झाडांच्या बियांबरोबर पेरायचं आणि वर तोडलेल्या फांद्यांचं आच्छादन घालायचं. झुडपं लवकर वाढून रोपांना आडोसा देतात, मुळांवरच्या गाठींमधून नत्रही पुरवतात.

पण समुद्राकडून नवी वाळू येतच राहिली तर पेरणी गाडली जाणार. म्हणून पुढे फळ्यांची लांबच लांब रांग उभारली, दोन फळ्यांत थोडी फट ठेवून. वाळू अडायची, साचायची, फळ्या बुडायला आल्या की त्या वर उपसून पुन्हा रोवायच्या. असं वर्षानुवर्षं करत किनाऱ्यालगत वाळूचा बांध उभा केला. आज आपण चढतो ती समुद्राकाठची टेकडी नैसर्गिक वाटते, पण तिच्या घडणीत या फळ्यांचा आणि त्यांच्यामागच्या श्रमांचा मोठा वाटा आहे.

त्या बांधावर लावलं मॅरम गवत. मला या संपूर्ण किनाऱ्यावरचा सर्वांत विलक्षण जीव हाच वाटतो. त्याचं पान कोरड्या वाऱ्यात लांबीच्या दिशेने गुंडाळलं जाऊन नळी होते. पर्णरंध्रं आतल्या बाजूला, खोल खाचांमध्ये, केसांच्या आड असतात; त्यामुळे पाण्याची वाफ नळीतच अडकते. नळी नखाने उलगडली तर आतले पांढुरके उभे पन्हाळ साध्या डोळ्यांनी दिसतात. आणि वाळूखाली गाडलं गेलं की हे गवत मरत नाही, उलट जोमाने वर येतं. वर्षाला सुमारे मीटरभर वाळू अंगावर पडली तरी ते नवे कोंब आणि नवी मुळं काढतं. गंमत पुढे आहे. वाळू येणं बंद झालं की हेच गवत रोडावतं. जुन्या वाळूत त्याच्या मुळांना खाणारे सूत्रकृमी आणि बुरशी साचत जातात. ताजी वाळू त्या मानाने स्वच्छ असते, आणि नवी मुळं तिच्यात निसटून जातात. वाळूला धरणारं गवत हलत्या वाळूवर जगतं.

टेकडीवरून समुद्राकडे उतरताना आणि परत येताना झाडाझुडपांचे पट्टे बदलत जातात. भरतीच्या रेषेजवळ तुरळक वार्षिक रोपं, मग मॅरम, मग टेकडीच्या आडोशाला करडा पट्टा: शेवाळ, दगडफूल आणि पिवळ्या फुलांचं एक सुवासिक झुडूप, ज्याचा वास तिकडच्या लोकांना करीची आठवण करून देतो. वाळूवर पसरणारी गुलाबी फुलांची एक वेलही दिसते. ती आपल्या मर्यादवेलीच्याच कुळातली आहे, आणि कामही तेच करते. त्यामागे पाईन. पहिल्या रांगेतले पाईन खुजे आणि पूर्वेकडे कललेले असतात, कारण खारे तुषार समुद्राकडचे कोंब जाळतात आणि आडोशाचेच कोंब वाढतात. त्यांनी सोसलं म्हणून मागची झाडं सरळ उभी आहेत.

आतल्या दलदलीच्या माळरानावर पाईन आले ते १८५७ च्या कायद्याने. गावांच्या सामाईक जमिनींचा निचरा करून त्यावर झाडं लावणं सक्तीचं झालं. उंच काठ्यांवर चढून मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांची कुरणं त्यात गेली. त्यांना काय वाटलं असेल, हे आजच्या सावलीत बसून विसरू नये. पाईनच्या खोडाला खाच पाडून राळ काढण्याचा धंदा मात्र भरभराटीला आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडची राळ बंद झाली तेव्हा इथले भाव कडाडले. १८४४ मध्ये पिएर ह्यूग यांनी खोडाला अडकवायच्या मातीच्या भांड्याची युक्ती काढली. त्याआधी राळ झाडाच्या पायथ्याच्या खड्ड्यात गोळा होई. १९९० च्या सुमारास हा व्यवसाय संपला. उन्हात जो गोडसर, तिखट वास येतो तो याच राळेतल्या पायनीनसारख्या बाष्पांचा. झाड जखम बुजवायला आणि किड्यांना रोखायला राळ बनवतं. तीच राळ वणव्यात जळणही होते. जुलै २०२२ मध्ये ला तेस्त आणि लांदिरास इथल्या दोन वणव्यांत मिळून २० हजार हेक्टरांहून जास्त बन गेलं. उन्हाळ्यात इथे आगकाडी ओढायलाही मनाई असते ती उगाच नाही.

पाण्यात उतरणार असाल तर एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ओहोटीला किनाऱ्यालगत वाळूच्या दांड्यांमागे लांबट, शांत तळी दिसतात. स्थानिक लोक त्यांना बाईन म्हणतात. लाटा दांड्यावरून पाणी आत ढकलतात, आतली पातळी थोडी चढते आणि दांड्यातल्या फटीतून ते पाणी समुद्राकडे सुटतं, मोरीचा बोळा काढल्यावर सुटतं तसं. त्या फटीत लाटा कमी फुटतात, त्यामुळे पोहायला तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते. प्रवाहाचा वेग सेकंदाला मीटरभर होऊ शकतो. हौशी पोहणाऱ्याला त्याच्या उलट जाणं झेपत नाही. त्यात अडकलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर बांधलेले काँक्रीटचे बुरूज आज कित्येक ठिकाणी पुळणीवर कलंडलेले किंवा पाण्यात दिसतात. किनारा मागे सरकतोय, सरासरी वर्षाला एक ते तीन मीटर. २०१३-१४ च्या वादळी हिवाळ्यात काही ठिकाणी एका मोसमात वीस मीटरांच्या आसपास जमीन गेली. सुलाकमध्ये १९६७ साली समुद्रापासून सुमारे २०० मीटरवर बांधलेली ल सिन्याल ही चार मजली इमारत २०१४ मध्ये रिकामी करावी लागली आणि २०२३ मध्ये पाडली.

त्र्यूक व्हेर ही या झिजेच्या अभ्यासाची प्रयोगशाळाच आहे. बॉर्दोतले संशोधक वीस वर्षांहून अधिक काळ इथल्या पुळणीची उंच-सखलता नियमित मोजतात. त्यांच्या मोजमापांतून आणि मॅरमच्या अभ्यासातून एक अडचण पुढे आली. वाळू पूर्ण अडवलेला बांध समोरून लाटा खातात, आणि मागच्या बाजूला नवी वाळू पोचतच नाही. गवत म्हातारं होतं, टेकडीला मागे सरकायला वाव राहत नाही. म्हणून अलीकडे इथल्या टेकडीच्या माथ्याशी यंत्राने मुद्दाम खाचा पाडल्या गेल्या, वाऱ्याला वाट मिळावी म्हणून. ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांवरून दर काही महिन्यांनी पृष्ठभागाचे नकाशे करतात आणि कोणत्या खाचेतून किती घनमीटर वाळू आत गेली ते मोजतात. खाचांमागे ताज्या वाळूचे पट्टे पसरले आहेत. ते असेच वाढत राहिले तर करड्या पट्ट्याचा काही भाग झाकला जाईल आणि काही दशकांनी पाळी पहिल्या रांगेतल्या खुज्या पाईनांची येईल.