नळ बंद असताना टर्र, नळ उघडा असताना टर्र-टर्र

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली फिरती घरगाडी) भाड्याने घेऊन निघालेल्यांना हा आवाज ओळखीचा असेल. रात्री दोन वाजता सगळे गाढ झोपलेले असतात, बिछान्याखाली पाण्याचा पंप ‘टर्र’ करतो आणि दोन सेकंदांत गप्प होतो. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी दात घासायला नळ बारीक सोडला, की तोच पंप चालू-बंद, चालू-बंद करत थरथरतो. तिकडे दोन्हीला ‘सायकलिंग’च म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. कारण पहिल्यात पाणी कुठेतरी जातंय, दुसऱ्यात बहुधा काहीच बिघडलेलं नाही.

हा पंप १२ व्होल्टवर चालतो. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि पंपाच्या डोक्यावरचा प्रेशर स्विच मोटर सुरू करतो. नळ बंद केला की दाब वाढतो आणि साधारण ५५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप; पंपागणिक आकडा बदलतो) स्विच मोटर थांबवतो. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे घोटभर पाणी निसटलं तरी दाब झरझर उतरतो. पुण्यामुंबईत गच्चीवरच्या टाकीला प्रेशर पंप लावलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कमोडची टाकी झिरपायला लागली की तोही रात्रभर असाच उचक्या देतो.

तर पहिला प्रकार, सगळे नळ बंद असतानाचा. पाण्याला जायला दोन वाटा: बाहेर, किंवा उलटं, पंप जिथून पाणी ओढतो त्या गाडीतल्या टाकीत.

बाहेरची वाट शोधताना संडासापासून सुरुवात करावी. आरव्हीच्या कमोडमागचा व्हॉल्व्ह हळूच झिरपतो आणि पाणी थेट खालच्या मैल्याच्या टाकीत जातं, म्हणून फरशी कोरडीच राहते. मग बाहेरचा शॉवर, तळाशी असलेले पाणी काढायचे कॉक, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. जोडांखाली टिश्यू पेपर ठेवा. डोळ्याला न दिसणारी ओल त्यावर उमटते.

कुठेच ओल नसेल तर संशय पंपावरच. त्याच्या पोटात पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्यात कचऱ्याचा कण अडकला की पाणी मागे टाकीत उतरतं, म्हणजे थेंबही न सांडता पंप वाजतो. याची परीक्षा सोपी आहे: पंप बंद करा, कॅम्पच्या नळाची नळी गाडीला जोडा आणि टाकीच्या पातळीवर लक्ष ठेवा. न भरता टाकी भरत चालली तर पाणी बहुधा पंपातूनच मागे येतंय. मात्र गाडीला टाकी भरायचा वेगळा कॉक असेल तर आधी तो नीट बंद आहे ना, ते पाहा.

एक सूट देऊन ठेवतो. गीझर बंद केल्यावर तापलेलं पाणी निवताना आकसतं, दाब उतरतो आणि पंप रात्रीतून एखाददा वाजतो. तेवढ्यासाठी विजेरी घेऊन गाडीखाली शिरू नये.

दुसऱ्या प्रकारात शोधायला फारसं काही नाही. पंप मिनिटाला ११ लिटरच्या आसपास पाणी देऊ शकतो, तुम्ही दोन लिटर मागताय. दाब क्षणात भरतो, स्विच मोटर बंद करतो, पाणी वाहतंच असल्यामुळे दाब लगेच पडतो आणि मोटर पुन्हा सुरू. नळ थोडा मोठा सोडला की थरथर थांबते. तोटीच्या किंवा शॉवरच्या जाळीत क्षार साचले असतील तर त्या व्हिनेगरमध्ये भिजवून साफ कराव्यात. स्विचवरचा स्क्रू उगाच पिळू नये. दाब फार वाढवून ठेवला तर पंप बंदच व्हायचा नाही.

कायमचा उपाय म्हणजे पंपापुढे अ‍ॅक्युम्युलेटर बसवणे. ही आत रबरी फुगा आणि हवा असलेली छोटी टाकी असते. हवा दाबली जाते, म्हणून नळ उघडल्यावर थोडं पाणी तीच पुरवते आणि मोटरला दम मिळतो.

पण हीच टाकी पहिल्या दुखण्यावर बसवली तर फसगत होते. वीस मिनिटांनी वाजणारा पंप तासाने वाजू लागतो, आपल्याला वाटतं दुरुस्त झाला आणि पाणी आपलं झिरपतच राहतं. त्यामुळे गळती सापडेपर्यंत झोपताना पंपाचा स्विच बंद ठेवलेला बरा. फक्त रात्री संडासला जाताना तो आधी चालू करायची आठवण ठेवा.