अर्धविरामांच्या फाईलचं एक्सएमएल

म्युच्युअल फंडांच्या योजनांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ‘अ‍ॅम्फी’ ही फंड कंपन्यांची मुंबईतली संघटना साध्या टेक्स्ट फाईलमधून देते. एका ओळीत एक योजना: कोड, दोन आयसिन क्रमांक (गुंतवणुकीचे आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक), नाव, किंमत, तारीख. सहा रकाने, मध्ये अर्धविराम. एक्सेल ती मुकाट्याने उघडतं. मग तिचं एक्सएमएल, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण (टॅग) लावलेली फाईल, करायला वेगळा स्कीमा, म्हणजे फाईलच्या रचनेचे लिखित नियम, कशाला?

कारण मोलाची माहिती अर्धविरामांत नाहीच. मध्येच योजनांच्या प्रकाराची ओळ येते, मग फंड कंपनीचं नाव, त्याखाली तिच्या योजना. कोणती योजना कोणाची, हे फक्त वर-खाली पाहून कळतं, तेही माणसाला. एक्सएमएलमध्ये हे नातं टॅगच्या पोटात टॅग घालून उघड मांडावं लागतं.

लूप लावून प्रोग्राम लिहिता येतोच, पण मग फाईलचे नियम कोडमध्ये गाडले जातात. ओपन ग्रिड फोरमची डीएफडीएल ही भाषा नियम बाहेर काढते. २००१ च्या ‘एक्सएमएल स्कीमा’ या मानकावरच ती शेरे चढवते: सेपरेटर, म्हणजे रकाने वेगळे करणारं चिन्ह, कोणता, तो दोन रकान्यांच्या मध्येच येतो की शेवटीही. (सहा रकान्यांत अर्धविराम पाचच, म्हणून इथे ‘मध्येच’.) ओळीत अर्धविराम असेल तर योजना, नसेल तर मथळा, अशी निवडही स्कीमातच लिहिता येते. अपाची डॅफोडिल हा मोफत पार्सर, म्हणजे फाईल वाचून तिचे भाग वेगळे करणारा प्रोग्राम, असा स्कीमा वाचून एक्सएमएल काढतो.

खरी डोकेदुखी रिकाम्या जागांची. आयसिन नसेल तिथे नुसती आडवी रेघ असते. पण तीच रेघ योजनेच्या नावातही असते, ‘डायरेक्ट प्लॅन - ग्रोथ’ अशी. म्हणून आयसिनच्या रकान्यापुरतंच सांगायचं, की अख्खा मजकूर रेघच असेल तर मूल्य नाही असं समज. किंमत दशांश संख्या आहे असं जाहीर केलं आणि तिथे ‘एन.ए.’ ही अक्षरं आली, की पार्सर अडतो. अडावंच त्याने. एक्सेलच्या बेरजेत अशी अक्षरं गुपचूप गाळली जातात.

याच स्कीमाने एक्सएमएलची पुन्हा टेक्स्ट फाईल करता येते. मूळ फाईलशी ती ताडून पाहावी. एका रकान्यात ‘मूल्य नाही’ची दोन रूपं मान्य केली असतील, तर परत लिहिताना यादीतलं पहिलंच रूप उमटतं आणि तेवढ्या ओळी जुळत नाहीत.