नैतिक अटींचे सॉफ्टवेअर परवाने

सॉफ्टवेअरचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, सर्वांना खुला ठेवायचा, पण युद्ध, पाळत किंवा मानवी हक्कांची पायमल्ली अशा कामांसाठी ते वापरण्यास परवान्यातच मनाई करायची, अशा परवान्यांना नैतिक परवाने म्हणतात. ओपन सोर्सच्या प्रचलित व्याख्येत ते बसत नाहीत. ती व्याख्याच बदलावी का, यावर विशेषतः २०१८ नंतर बरीच हमरीतुमरी झाली आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीने चार स्वातंत्र्ये मांडली. त्यांतले शून्य क्रमांकाचे स्वातंत्र्य म्हणजे प्रोग्रॅम कोणत्याही कारणासाठी चालवण्याची मुभा. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाच्या तत्त्वांवरून आपली व्याख्या घेतली. तिच्या पाचव्या कलमानुसार परवान्याने व्यक्ती वा गटांत भेदभाव करायचा नाही, सहाव्यानुसार कोणत्याही कार्यक्षेत्राला मज्जाव करायचा नाही. व्याख्येचे मुख्य लेखक ब्रूस पेरेन्स याचे समर्थन करताना एक उदाहरण देत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने इलेक्ट्रॉनिक आराखड्यांच्या एका प्रोग्रॅमचा वापर दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना वर्ज्य केला होता. वर्णद्वेषी राजवट गेली, पण अट तशीच राहिली, आणि त्या प्रोग्रॅमवरून पुढे केलेल्या आवृत्त्यांनाही ती चिकटली.

अट मोघम असली की काय होते, ते माहितीची देवाणघेवाण करण्याच्या जेसॉन या स्वरूपाशी जोडलेल्या परवान्यात दिसते. जेसॉनचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी त्यात एक वाक्य घातले: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे. वाक्य अर्धे गमतीचे होते. वकिलांनी ते पूर्ण गांभीर्याने घेतले. क्रॉकफर्ड यांनीच सांगितलेल्या किश्श्यानुसार आयबीएमच्या वकिलाने विचारणा केली, तेव्हा त्यांनी आयबीएम, तिचे ग्राहक, भागीदार आणि हस्तक यांना वाईटासाठीही वापरण्याची खास परवानगी देऊन टाकली. स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हा परवाना मुक्त नसलेल्यांच्या यादीत टाकला, डेबियनने तो नाकारला आणि २०१६ मध्ये अनेक ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशननेही आपल्या प्रकल्पांना तसा कोड वापरण्यास बंदी केली. एका ओळीपायी चांगला चालणारा कोड काढून त्याच कामाचा दुसरा लिहावा लागला. त्यामुळे कोणते दुष्कृत्य टळले, हे मात्र दाखवता येत नाही.

अलीकडच्या वादाला तोंड फुटले ते अमेरिकेच्या आइस या स्थलांतर अंमलबजावणी खात्यावरून. सीमेवर मुलांना आईवडिलांपासून वेगळे केले जात होते, त्या काळात, ऑगस्ट २०१८ मध्ये, लर्ना या प्रोग्रॅमरांच्या साधनाच्या परवान्यात आइसबरोबर काम करणाऱ्या कंपन्यांना मनाई करणारे कलम आले. गदारोळ होऊन ते लगेच मागेही घेतले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या शेफ या कंपनीचा आइसशी करार असल्याचे उघड झाले. कंपनीचे माजी कर्मचारी सेथ वार्गो यांनी स्वतः लिहिलेला ‘शेफ-शुगर’ हा पूरक कोड सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला आणि त्यावर अवलंबून असलेल्यांची कामे अडली. परवाना खुला असल्याने कंपनीने तोच कोड पुन्हा चढवला. परवान्याच्या बाजूने वार्गो हरले. पण बभ्रा एवढा झाला, की आधी कराराची पाठराखण करणाऱ्या कंपनीने काही दिवसांतच तो पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. परवान्यात एक शब्दही नसताना जे साधले, ते या प्रकारातल्या कोणत्याही कलमाने साधल्याचे दिसत नाही.

त्याच महिन्यात कोरालिन एडा एम्के यांनी हिपोक्रॅटिक परवाना प्रसिद्ध केला. वैद्यांच्या शपथेवरून नाव घेतलेल्या या परवान्याने पुढच्या आवृत्त्यांत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेतला. त्यामुळे ‘वाईट म्हणजे काय’ या प्रश्नाला निदान एक लिखित उत्तर मिळाले. चीनमध्ये सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्यातून ६ दिवस राबवून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध त्याच वर्षी निघालेला ९९६-विरोधी परवाना अधिक नेमका होता. त्याची मागणी एवढीच, की वापरणाऱ्या कंपनीने कामगार कायदे पाळावेत.

पेरेन्स यांचा आक्षेप अंमलबजावणीवर होता: छळ करणारे सरकार कॉपीराइटच्या नोटिशीला भीक घालणार नाही, हे काम कायद्याचे आहे. त्यात तथ्य आहे, पण तो सरसकट लागू होत नाही. परवान्याच्या अटी न्यायालयात टिकतात, हे खेळण्यातल्या आगगाड्यांच्या सॉफ्टवेअरवरून झालेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००८ मध्येच मान्य केले. प्रश्न उरतो तो अट मोजता येण्याजोगी आहे का, याचा. २०१९ मध्ये अतिउजव्यांचा अड्डा मानला जाणारा गॅब हा सोशल मंच मॅस्टोडॉन या मुक्त सोशल नेटवर्क सॉफ्टवेअरच्या कोडवर आला, तेव्हा मॅस्टोडॉनला परवान्याने त्याला रोखता आले नाही. मॅस्टोडॉनचे स्वतंत्र सर्व्हर चालवणाऱ्यांनी आणि काही ॲपनी गॅबशी जोडणीच बंद केली. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रूथ सोशल या मंचाने तोच कोड वापरून स्रोत मात्र दडवला. तेव्हा मॅस्टोडॉनने परवान्यातल्या स्रोत खुला ठेवण्याच्या अटीवर बोट ठेवले आणि त्यांना तो प्रसिद्ध करावा लागला.

याहून पुढची पायरी म्हणजे कोडनेच शिक्षा करणे. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या अनेक प्रोग्रॅमांत वापरल्या जाणाऱ्या कोडच्या देखभालकर्त्याने रशिया व बेलारूसमधल्या संगणकांवरील फाइली पुसणारा भाग त्यात घातला. त्याला नैतिक परवान्यांशी जोडणे अन्यायाचे आहे. हा सरळ घातपात होता आणि त्यात युद्धाशी संबंध नसलेलेही सापडले असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांत मात्र वापरावरील अटी रूढच झाल्या आहेत. २०२२ मधील ब्लूम आणि स्टेबल डिफ्युजन ही मॉडेले रेल (जबाबदार एआय परवाना) प्रकारच्या परवान्यांखाली आली. त्यांत निषिद्ध वापरांची यादीच जोडलेली असते. मेटाच्या लामा मॉडेलांच्या धोरणात लष्करी वापर निषिद्ध असल्याचे लिहिलेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणा आणि लॉकहीड मार्टिनसारखे त्यांचे कंत्राटदार यांना त्यातून सूट दिली. पुढे अमेरिकेच्या काही मित्रदेशांनाही ती सूट मिळाली; बाकीच्यांना बंदी लागूच राहिली.