दुर्बीण नेमकी कोणती? पित्तनळीतल्या खड्याची पार्श्वभूमी

आमच्या आर्वीकडच्या गावांत कावीळ झाली की आधी झाडपाला अन् उतरवून घेणं, तरी डोळे पिवळेच राहिले, अंगाला खाज सुटली, थंडी वाजून ताप आला की मग सोनोग्राफी, अन् तेव्हा कळते की खडा पित्ताशयातून घसरून पित्तनळीत अडकला. मग वर्धा नाहीतर नागपूर. तिथं डॉक्टर म्हणते दुर्बिणीनं काढू, घरचे हो म्हणतात, कोणती दुर्बीण हे कोणी विचारत नाही.

पोट उघडून नळीतला खडा काढणं १८९० च्या आसपासचं. उजव्या फासळीखाली वीतभर चीर, नळीत टी-ट्यूब म्हणजे पित्त बाहेर काढायची रबरी नळी, बाहेर ते जमायला पिशवी. १९६८ ला तोंडातून दुर्बीण घालून नळीत औषध सोडून एक्सरे काढता आला, १९७४ ला जर्मनी अन् जपानमध्ये त्याच वाटेनं नळीचं तोंड कापून खडा काढला. ही ईआरसीपी. पोटाला टाका नाही, पण खडे जिथं तयार होतात ते पित्ताशय तसंच राहते. दुसरी दुर्बीण १९८५ नंतरची, लॅप्रोस्कोपी, पोटाला तीन-चार छिद्रं पाडून पित्ताशयच काढतात. बोलताना दोन्ही 'दुर्बिणीचं ऑपरेशन'च.

माझ्या काकूचं असंच झालं. दुर्बिणीनं झालं म्हणजे पित्ताशय निघालं असं सगळे धरून बसले. झाली होती ईआरसीपी, नळीत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवायला घातलेली बारीक नळी, जी नंतर काढावी लागते, कार्डावर इंग्रजीत तीन महिन्यांनी या असं लिहिलेलं, ते आम्हाला कोणी वाचून सांगितलं नाही अन् आम्हीही विचारलं नाही. सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला, स्टेंट टाकल्याच्या आठव्या महिन्यात काकू गोधडीत कुडकुडत होती. स्टेंट बाहेर आला तो बोटाएवढा लांब, आत काळा गाळ ठासलेला. पित्ताशय त्यानंतर काढलं.

ऑपरेशन अन् ईआरसीपी या दोन्हीची तुलना सांगताना लोक जुने अभ्यास पुढं करतात. त्यात पोट उघडून केलेल्या ऑपरेशननं खडे जास्त पक्के निघत होते हे खरं, पण ती तुलना सुरुवातीच्या काळातल्या ईआरसीपीशी होती. लॅप्रोस्कोपी आल्यावर १९९० नंतर त्याच छिद्रांतून नळीही साफ करू लागले, त्याची ईआरसीपीशी तुलना केली तर खडे निघण्यात किंवा जिवाच्या धोक्यात मोठा फरक दिसला नाही. ईआरसीपीनंतर काहींना स्वादुपिंडाला सूज येते, नळी उघडली तर कधी पित्त गळते. आता एमआरसीपीत, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेल्या पित्तनळीच्या फोटोत, खडा आधीच दिसतो, त्यामुळे नुसतं पाहायला ईआरसीपी करत नाहीत.

मला विचाराल तर खेड्यातल्या माणसाला लॅप्रोस्कोपीनं एकाच बैठकीत नळीतला खडा अन् पित्ताशय दोन्ही उरकणं बरं, दोनदा गाडीभाडं नाही, दोनदा मजुरी बुडत नाही, स्टेंट विसरायची भीतीही बहुतेक वेळा नाही. पण त्याला बारीक दुर्बीण अन् सरावाचा हात लागतो, तो तालुक्याला मिळत नाही, म्हणून आधी ईआरसीपी अन् मग पित्ताशय हाच रस्ता आमच्याकडे चालू आहे. काकूच्या नव्या कार्डावर आता मराठीत लिहून घेतलं आहे, 'पित्ताशय काढले, स्टेंट नाही'.